वाचकांचे प्रश्न : पाऊस तर भरपूर झाला, मग डाळ-भाजी महाग का?

मागच्या अंकात मी परतीच्या पावसात आडव्या पडलेल्या भाताबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं पान त्यालाच द्यायचं ठरवलं. नवीन वाचकांसाठी सांगते, माझं माहेर मुरबाड तालुक्यातलं, भाऊ अजून भात लावतो, मी शेतीच्या सरकारी नोकरीत तीस वर्षं काढली आणि आता ठाण्यात राहते. सगळी पत्रं छापता येत नाहीत, काही मी थोडी लहान केली आहेत.

ताई, टीव्हीवर सांगतात पाऊस सरासरीइतका झाला, धरणं भरली. मग कोथिंबिरीची जुडी चाळीस-पन्नासला कशी जाते, २०२४ मध्ये तूरडाळ दोनशेला कशी टेकली? मधले पैसे कोण खातं ते एकदा स्पष्ट लिहा. – एक गृहिणी, ऐरोली

ताई, तुमचा राग समजतो, मीही रोज भाजी घेते. पण त्या "सरासरी" शब्दाकडे जरा नीट बघूया, कारण घोळ तिथेच आहे. २०२३ सालचंच घ्या. त्या वर्षी देशात एकूण पाऊस सरासरीच्या ९४ टक्के पडला, ऐकायला काही वाईट वाटत नाही, पण झालं असं की जून उशिरा सुरू झाला, जुलैत धो धो कोसळला आणि ऑगस्ट जवळजवळ कोरडाच गेला, १९०१ पासून नोंदी आहेत त्यातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. आता सोयाबीन फुलावर येतं आणि शेंगा धरतं ते ऑगस्टमध्येच, उडीद-मुगाचंही तेच. पिकाला वर्षाची बेरीज कळत नाही हो, त्याला फुलोऱ्याच्या त्या वीस दिवसांत पाणी मिळालं की नाही एवढंच कळतं. नंतर सप्टेंबरमध्ये पाऊस आला तरी गळून गेलेलं फूल परत झाडाला लागत नाही. तुरीलाही तेव्हा मराठवाड्यात आणि कर्नाटकातल्या कलबुर्गीकडे मोठा फटका बसला आणि पुढच्या वर्षी तुम्ही डाळीला जो भाव दिला तो तिथून आलेला.

गव्हाचं उदाहरण तर याहून ठळक आहे. २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनचा सगळ्यात गरम मार्च होता. पंजाब-हरियाणात तेव्हा दाणा चिकात असतो, तो हळूहळू भरायला महिनाभर थंडावा लागतो, आणि नेमका तेव्हाच चटका बसला. पाणी होतं, खत होतं, रोग नव्हता, तरी झाड घाईत पिकलं आणि दाणा पोचट राहिला. आधी अंदाज होता ११ कोटी टनांच्या पुढचा, तो खाली आणावा लागला आणि १३ मे २०२२ ला सरकारने गव्हाची निर्यात बंद केली, तेही युक्रेनमधल्या युद्धामुळे जग आपल्या गव्हाकडे डोळे लावून बसलेलं असताना.

आता कोथिंबीर. तुर्भ्याच्या भाजी मार्केटमध्ये रात्री गाड्या लागतात तेव्हा एकदा जाऊन बघा. भिजलेली कोथिंबीर नाशिकहून निघते तेव्हा हिरवीगार असते, गाडीत दाबून वाफ धरते आणि पहाटेपर्यंत आतल्या जुड्या काळ्या पडलेल्या असतात. शंभर जुड्यांतल्या तीस-चाळीस फेकायच्या असतील तर त्यांचा पैसा उरलेल्या जुड्यांवर चढतो. मधल्यांचा नफा नसतोच असं मी म्हणणार नाही, असतो, आणि कधी कधी जास्तच असतो. पण पावसाच्या आठवड्यातला भाव बराचसा त्या फेकलेल्या मालाचा असतो.

मी घरी चॉकलेट बनवते, दिवाळी-ख्रिसमसला ऑर्डर असतात. दोन वर्षांत डार्क कंपाउंड आणि कोको पावडर इतकी महागली की जुन्या गिऱ्हाइकांना भाव सांगायला लाज वाटते. हे पण हवामानामुळेच का? – कोपरखैरणे

हो, बऱ्याच अंशी. जगातला निम्म्याहून जास्त कोको पश्चिम आफ्रिकेतल्या दोनच शेजारी देशांतून येतो, आयव्हरी कोस्ट आणि घाना. म्हणजे सांगली आणि सोलापूर दोघांवर सगळ्या जगाची साखर अवलंबून असावी तसं. २०२३ मध्ये तिथे आधी पाऊस फार झाला, ओलाव्याने शेंगा काळ्या पडून कुजायचा रोग पसरला, नंतर ऊन आणि सहारा वाळवंटावरून येणारा कोरडा वारा, त्याला तिथे हरमॅटन म्हणतात. त्यात एक विषाणू आहे जो फांद्या सुजवतो आणि झाडच मारतो, तो पिठ्या ढेकूण नावाच्या किडीमुळे पसरतो आणि त्याला औषध नाही, झाड उपटून टाकणं एवढाच उपाय. नवीन रोप लावलं तर फळ धरायला तीन ते पाच वर्षं. त्यामुळे कोको एकदा पडला की कांद्यासारखा पुढच्या हंगामात सावरत नाही.

पूर्वी साधारण अडीच हजार डॉलर टन असणारा कोको २०२४ च्या डिसेंबरमध्ये बारा हजारांच्या वर गेला. २०२५ मध्ये तो बराच उतरला, पण महागात घेतलेला माल कारखान्यात महिनोन्महिने असतो, त्यामुळे आपल्याला उतार उशिरा दिसतो. आणि लाज कसली वाटायची, गिऱ्हाइकाला हे सगळं असंच सांगा. मला जास्त टोचतं ते वेगळंच. घानामध्ये शेतकऱ्याचा भाव सरकार हंगामाआधी ठरवतं आणि माल आधीच विकलेला असतो, म्हणून जगात भाव पाचपट झाला तेव्हाही बागेतल्या माणसाच्या हातात त्याचा थोडाच भाग पडला. त्याचं पीक गेलं आणि भावही नाही मिळाला.

मावशी, मी नववीत आहे. प्रोजेक्टसाठी मला सांगाल का की गरम झालं की पिकाचं नक्की काय बिघडतं? पाणी दिलं तर चालत नाही का? – कळवा

बाळा, प्रश्न एकदम बरोबर जागी विचारलास. पाणी दिलं तर थोडं चालतं, पूर्ण नाही. भाताचं फूल इतकं बारीक असतं की तू बघितलं पण नसशील, ते सकाळी नऊ-दहाच्या सुमारास उमलतं आणि तासाभरात मिटतं. त्या तासाभरात परागकण पडायचे असतात. तेव्हाच तापमान ३५ अंशांच्या वर असलं तर परागकण नीट फुटत नाहीत आणि त्या फुलाचा दाणा होतच नाही, नुसतं पोकळ फोलपट. म्हणजे तीन महिने वाढवलेलं पीक एका सकाळी बिघडू शकतं. मक्याला अजून एक अडचण असते, पाणी कमी पडलं की वरचा तुरा वेळेवर फुटतो पण कणसाचे केस उशिरा बाहेर येतात, मग परागकण पडतात तेव्हा घ्यायला कुणी नसतंच. तू पावसाळ्यात तलावपाळीला भुट्टेवाल्याकडे गेलास तर टोकाला दाणे नसलेली, मधे दात पडल्यासारखी कणसं शोध, त्यांचे फोटो काढ, प्रोजेक्टला लाव. परागीकरण बिघडलं की कणीस असं दिसतं.

दुसरी गोष्ट रात्रीची. झाड दिवसा अन्न बनवतं आणि रात्री श्वास घेताना त्यातलं थोडं खर्च करतं. रात्र गरम असली की खर्च वाढतो. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने स्वतःच्या शेतातल्या १९७९ ते २००३ पर्यंतच्या नोंदी तपासल्या आणि २००४ मध्ये छापलं की उन्हाळी हंगामात रात्रीचं तापमान एक अंशाने वाढलं की भात साधारण १० टक्के घटतो. म्हणून दिवसाचा उकाडा बातमीत येतो पण रात्रीचा उकाडा कोठारातलं धान्य घेऊन जातो.

आकडे हवे असतील तर २०१७ मध्ये जगभरातल्या अभ्यासांची मोट बांधून काढलेला हिशोब आहे. पृथ्वीचं सरासरी तापमान एक अंश वाढलं तर मका ७.४ टक्के, गहू ६ टक्के, भात ३.२ आणि सोयाबीन ३.१ टक्के घटतं. हे जगाचे सरासरी आकडे आहेत हे लिहायला विसरू नकोस, एखाद्या थंड देशात उलट थोडं वाढूही शकतं.

ताई नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचा, ७२ च्या दुष्काळात बारा वर्षांचा होतो. आई-वडील खडी फोडायला जायचे, आम्ही मदतीत मिळणारी सुकडी आणि लाल मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली ज्वारी, खाल्लीय. नंतर मुंबईत माथाडी झालो, मस्जिद बंदरला आणि मग इथे वाशीच्या दाणाबंदरात पोती उचलली. कॅनडाची मसूर, बर्माची लेमन तूर सगळी पाठीवरून गेली. तेव्हा एक दुष्काळ म्हणजे आपला दुष्काळ वाटायचा. एकाच वेळी सगळ्या जगात असं होऊ शकतं का? – निवृत्त माथाडी कामगार, घणसोली

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि उत्तर तुमच्याच बालपणात आहे. ७२ चा दुष्काळ फक्त आपला नव्हताच. त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो होता, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याकडचं समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं. आपला पाऊस त्याने ओढ देतो. पण बघा अजून कुठे कुठे काय झालं. रशियात, तेव्हाच्या सोव्हिएत संघात, त्याच वर्षी गहू बुडाला आणि त्यांनी गाजावाजा न करता अमेरिकेकडून एवढा गहू उचलला की वर्षभरात तिथला भाव दुपटीच्या पुढे गेला. सहाराच्या दक्षिणेला साहेलमध्ये कित्येक वर्षं चाललेला दुष्काळ तेव्हा टोकाला पोचला होता. आणि पेरू देशाच्या किनाऱ्यावर एक छोटी मासळी मिळते, अँचोव्हेटा, तिची भुकटी करून जगभर कोंबड्या-डुकरांना घालायचे. १९७० मध्ये ती एक कोटी वीस लाख टनांच्या आसपास मिळाली होती, आधीच बेसुमार पकडलेली, त्यात पाणी तापलं आणि १९७३ पर्यंत वीस लाखांच्या आसपास आली. मग कोंबड्यांना खायला काय, तर सोयाबीन. सोयाबीन इतकं भडकलं की जून १९७३ मध्ये अमेरिकेने त्याची निर्यातच थांबवली. जपान अडकला, त्यांचं टोफू-मिसो सगळं त्यावर, म्हणून त्यांनी पुढे ब्राझीलच्या माळरानांवर सोयाबीन उभं करायला पैसा आणि तंत्र दिलं. आज जगात सगळ्यात जास्त सोयाबीन पिकवणारा देश ब्राझील आहे.

म्हणजे माणमध्ये तुमच्या ताटात मिलो पडत होता तेव्हा तिकडे पेरूच्या कोळ्याचं जाळं पण रिकामंच येत होतं. तुम्हाला तेव्हा हे कळायचं काही कारण नव्हतं, पण दोन्हीमागे समुद्राचाच हात होता. महाराष्ट्राने त्यातून रोजगार हमी काढली, तुमच्या आई-वडिलांनी फोडलेली खडी आणि खणलेले पाझर तलाव त्या योजनेच्या पायात आहेत, हे मी मनापासून लिहिते.

आत्ताचं विचाराल तर परत तसं होतंय आणि आता दोन संकटांमधली अंतरं कमी झालीत. तुम्ही कॅनडाच्या मसुरीचं लिहिलंत ना, जून २०२१ मध्ये कॅनडाच्या लिटन गावात ४९.६ अंश तापमान नोंदलं गेलं, आपल्या विदर्भालाही लाजवेल असं, आणि त्या उन्हाळ्यात तिथल्या मैदानांत गहू आदल्या वर्षापेक्षा एक तृतीयांशाहून जास्त घटला, मसूर आणि मोहरी पण गेली. मसूर आपल्याकडे महाग झाली आणि मोहरी गेली म्हणून पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या दुकानांतून त्यांची आवडती मोहरीची चटणी गायब झाली. २०२४ मध्ये एल निनोमुळे झांबिया, मलावी, झिम्बाब्वे तिघांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली, झांबियात मक्याचं जवळपास निम्मं क्षेत्र हातचं गेलं, आणि मका म्हणजे त्यांची भाकरी.

आणि आपणही दुसऱ्यांना अडचणीत आणतो. जुलै २०२३ मध्ये आपण बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. जगाच्या बाजारातला साधारण ४० टक्के तांदूळ आपला असतो, मग पुढच्याच महिन्यात जगातला भाव पंधरा वर्षांतल्या सगळ्यात वर गेला. इथे आपली भीती खरी होती, पण फिलिपिन्स नाहीतर सेनेगलमधल्या बाईने तो भाव भरला. दोन्ही मला दिसतं आणि कुणाला दोष द्यावा ते मला सुचत नाही.

ऑलिव्ह ऑइल का महागलं होतं? – घोडबंदर रोड, ठाणे

स्पेनमुळे. तिथे २०२१-२२ ला साधारण पंधरा लाख टन तेल निघालं होतं, पुढच्या वर्षी दुष्काळ आणि फुलोऱ्यात उकाडा, जेमतेम साडेसहा-पावणेसात लाख टन. आपल्या फोडणीला शेंगदाणा तेल छान आहे हो.

भाव वाढला की शेतकऱ्याला चार पैसे मिळतात ना? मग आपण एवढं वाईट का वाटून घ्यायचं? – कॉलेज विद्यार्थी, नेरूळ

ज्याचं पीक वाचलं त्याला मिळतात. पण ज्याचं वाचलं नाही त्याच्यामुळेच भाव वाढलेला असतो, हे दोघं वेगळे आहेत आणि बहुतेक जण दुसऱ्या गटात असतात. २०२३ चा टोमॅटो आठव. उन्हाळ्याआधी भाव इतका पडला होता की लोकांनी क्रेट रस्त्यावर ओतले, तोडणीची मजुरी पण सुटत नव्हती. मग कुणी बागेकडे बघितलं नाही, काहींनी लागवडच सोडली, त्यावर उन्हाचा चटका, विषाणू आणि जुलैचा पाऊस. जुलैत इथे किलो दीडशेच्या पुढे गेला. नारायणगावला काही जणांना त्या आठवड्यांत खरंच चांगला पैसा झाला, त्यांचे फोटो पेपरात आले आणि सगळ्यांना वाटलं टोमॅटोवाला श्रीमंत झाला. मार्चमध्ये क्रेट ओतणाऱ्याचा तोटा त्याने भरून निघाला का, तर नाही, तो माणूसच वेगळा होता.

आणि नुकसान एका हंगामाचं असतं तरी सोसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या काठी, धाराशिव, बीड, सोलापूरकडे जे पाणी आलं त्याने पिकासोबत मातीच नेली. जमीन खरवडून गेली असं तिकडे म्हणतात, खाली नुसता मुरूम आणि दगड. तिथे गाळ आणून टाकायचा म्हटलं तर ट्रॅक्टरच्या किती खेपा लागतील, आणि त्या टाकल्या तरी जुनी माती व्हायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं.

आमची खारीची शेती होती, बरीचशी सिडकोत गेली, थोडी उरलेली आहे. उधाणाला बांधाला खांड पडते आणि खारं पाणी आत येतं. टिकेल असं बियाणं असतं का? माझा मुलगा म्हणतो विकून टाका. – बेलापूर

विकायचं की नाही ते तुमच्या घरचं, त्यात मी पडत नाही. बियाणं मात्र आहे, आणि लांब जायला नको. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ असे खारं सोसणारे वाण काढलेत. त्यांच्याही आधी तुमच्या आजोबांकडे काळा राता, भुरा राता असणारच, तांबूस दाण्याचा, पेजेला उत्तम. मीठ भाताला दोनदा जास्त लागतं, रोप लहान असताना आणि फुलोऱ्यात, म्हणून जूनच्या पहिल्या पावसाने खाचरातलं मीठ धुऊन जाऊ द्यायचं आणि मगच रहू, म्हणजे मोड आणलेलं बी, टाकायचा, घाई करायची नाही. पण खांड वेळेत बुजवली नाही तर कुठलंच बियाणं पुरं पडत नाही, बांध हा गावाने मिळूनच राखायचा असतो आणि आता गावात माणसं कुठे आहेत हा खरा प्रश्न.

गोड्या पाण्यात बुडणाऱ्या शेतासाठी अजून एक सांगते, कारण ही गोष्ट मला फार आवडते. ओडिशातला एक जुना गावरान भात आहे, एफआर-१३ए. साधा भात पाण्याखाली गेला की जीव खाऊन उंच व्हायला बघतो आणि त्यातच संपतो. हा मात्र गप्प बसतो, वाढ थांबवतो, साठा जपतो आणि पाणी ओसरलं की परत उभा राहतो. त्याचा तो गुण ओळखून स्वर्णा या लोकांच्या आवडत्या वाणात उतरवला, स्वर्णा-सब१ म्हणून २००९ मध्ये आपल्याकडे आला, साधारण दोन आठवडे बुडला तरी जगतो. कुणीतरी तो गावरान भात कमी पिकतो म्हणून टाकून न देता जपला होता म्हणून हे झालं. तुमच्याकडे राता मूठभर जरी उरला असेल तर तो पनवेलला नेऊन दाखवा, शेती विकली तरी.

वर्षाचा तांदूळ थेट शेतकऱ्याकडून घ्यायचा विचार आहे, मुरबाड-वाड्याकडून. काय बघून घ्यायचा? – नौपाडा, ठाणे

दिवाळीच्या आत घेऊ नका. कापणीत पाऊस लागलेला भात घाईत झोडलेला असतो, आत ओल राहते आणि फेब्रुवारीपर्यंत पोरकिडे होतात. दाणा दाताखाली धरा, कट्‌ आवाज करून तुटला पाहिजे, दबला तर अजून वाळायचा आहे. वाडा कोलम सांगून दुसरंच देणारे पुष्कळ आहेत, म्हणून जमलं तर गिरणीवर उभं राहून भरडून घ्या. तुकडा थोडा जास्त निघाला तर घासाघीस करू नका, उशिरा पाऊस पडला त्या वर्षी तो निघतोच, त्याची इडली-घावन छान होतात. माझ्या भावाचा या वर्षीचा भात अजून खळ्यात आहे, आभाळ आलं की ताडपत्री टाकायची, ऊन आलं की काढायची, आज सकाळी फोनवर म्हणाला अजून आठ दिवस दे.